आधीचा पडसाद

३ मार्च, मंगळवार

पाचही म्हातारे आज घरी पोचले. म्हातारे म्हणजे कॉम्प्युटर. कुठल्याशा कार्यालयाने नवे घेतले आणि जुने अंधांच्या वाचनालयाला दान केले. दान करताना माउस मात्र तीनच दिले. ग्रंथपाल बाई टेम्पोबरोबर स्वतः आल्या होत्या. पुढच्या एक तारखेला त्यांना श्रवणकक्ष सुरू करायचा आहे. पाच खुर्च्या, पाच कॉम्प्युटर आणि प्रत्येकात हिने वाचलेली सगळी पुस्तकं. त्यांच्याकडच्या सीड्या वापरून वापरून इतक्या घासल्यात की निम्म्या वाजतच नाहीत. काम दुसऱ्या कुणाला देऊ का, असं त्यांनी भीतभीत विचारलं. हिच्या आवाजाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असं मी सांगितलं. जरा जोरातच बोललो असेन, कारण बाई दचकून मागे सरकल्या.

ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन वर्ष उलटलं, पण लिहायला बसलं की हातून ‘ही’च उमटतं. अकरा वर्षं ती मागच्या खोलीत बसून वाचनालयासाठी पुस्तकं वाचत होती. ते सगळं मूळ, कच्चं ध्वनिमुद्रण एका डिस्कवर आहे, दुसरीकडे कुठेही नाही. आज डिस्क जोडली तर ती टकटक करायला लागली. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात माझं आयुष्य गेलं, या टकटकीचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको. डिस्क बसली तर हिचा आवाज बसला. मला भीती वाटतेय. कामाची नोंद राहावी म्हणून ही वही सुरू केली.

५ मार्च, गुरुवार

हिशोब साधा आहे. मूळ आवाज जसाच्या तसा ठेवायचा तर पाचही म्हाताऱ्यांच्या पोटात मिळून मावणार नाही. दाबून बारीक करावा लागेल. आवाज दाबण्याचे प्रकार पुष्कळ आहेत, पण तत्त्व एकच. मोठ्या आवाजाच्या आड जो बारीक आवाज असतो तो माणसाच्या कानाला तसाही कळत नाही, तेव्हा तो टाकून द्यायचा. जितकी फाईल लहान करायची, तितकं जास्त टाकायचं.

नवी पद्धत लहान फाईलमध्येही उत्तम वाजते म्हणतात, पण म्हाताऱ्यांना तिची ओळखच नाही. ऑग नावाचा प्रकार दोघांना पचतो, उरलेले तिघे मध्येच अडखळतात. एमपी-थ्री मात्र पाचही जण मुकाट्याने गिळतात. त्यातही बिटांचा दर, म्हणजे दर सेकंदाच्या आवाजाला दिलेली जागा, कायम ठेवायला हवा, कमीजास्त होणारा दर घेतला की जुना प्लेअर वेळ चुकीची दाखवतो आणि पाच मिनिटं मागे जायला सांगितलं तर भलतीकडेच जातो. डोळस माणूस शिव्या घालून पुन्हा शोधेल. न दिसणाऱ्याने काय करायचं?

९ मार्च, सोमवार

हिच्या शेवटच्या पुस्तकातलं एक वाक्य घेऊन ते तीन दरांनी दाबलं आणि हेडफोन लावून दिवसभर ऐकलं. आधी मूळ, मग बिटांचा दर एकशे अठ्ठावीस, चौसष्ट, बत्तीस. खरं सांगायचं तर मूळ आणि चौसष्ट यांत मला तिळमात्र फरक वाटला नाही. लोक उगाच फुशारक्या मारतात. बत्तीस थोडं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं, पण वय झालं की सगळंच तसं वाटतं.

नमुने घेऊन ग्रंथपाल बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, बत्तीसमध्ये ‘स’ आणि ‘श’ सारखेच ऐकू येतात. मी म्हटलं, मुळातही सारखेच आहेत. त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. मग म्हणाल्या की प्रत्येक वाक्याच्या आधी काहीतरी फुसफुस आहे. ती मात्र मीही टिपली होती. तो दाबण्यातला दोष आहे, त्यांना नीट समजावून सांगितला. एकदम जोरात येणारा आवाज दाबताना त्याचा थोडा अंश आधीच सांडतो. पडसाद नेहमी मागून येतो, हा आधी येतो. बाई हो-हो म्हणाल्या. त्या फार पुटपुटतात, पदवीधर माणसाला तोंड उघडून बोलता येऊ नये याचं नवल वाटतं.

काल लेकीचा फोन आला. रविवार म्हणजे फोन. ओरडून, शब्द तोडून तोडून बोलते, जसं काही मी शाळेतलं पोर आहे. काय करता म्हणून विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाली, “बाबा, त्यात तुम्हाला काही ऐकू आलं का?” आवाज ऐकायलाच तर बसलोय, म्हटलं. तर म्हणे मूळ फाईली मी येईपर्यंत पुसू नका. लेकीला चार वर्षं तेच काम होतं, तेव्हा कच्च्या ध्वनिमुद्रणातल्या चुका ती काढायची आणि साफ करून सीड्या करायची. आता आपल्याशिवाय कुणाला जमणार नाही असं वाटतंय.

१० मार्च, मंगळवार

काल रागात लिहिलं. पण खोटं लिहिलेलं नाही. चांगली नोकरी सोडून लेक घरी येऊन बसली आणि चार वर्षं बसूनच राहिली. दुपारी जेवणं झाली की दोघी मागच्या खोलीत जायच्या आणि दार आतून लावायच्या. आत गुलुगुलु चालायचं. मी दारापाशी गेलो की बंद. लेकीला मी अनेकदा बिनकामाची म्हटलंय. ती उलट बोलायची नाही, याचाच मला जास्त राग यायचा. ही गेली आणि महिन्याभरात लेकीने दुसऱ्या गावात नोकरी धरली.

हीही शेवटी शेवटी विक्षिप्त झाली होती. चष्मा बदलायला तयार नाही. विजेचं बिल मला मोठ्याने वाचायला लावायची, म्हणायची नाहीतर तुमची जीभ गंजेल. डबा फळीवरून जरा सरकवला की घर डोक्यावर घ्यायची. एकदा मी स्टुलाची जागा बदलली, त्यात अडकून पडली आणि जवळचं माणूस गेल्यासारखी रडली. रस्त्यात समोरून आलेल्या शेजारणीलाही ओळख दाखवायची नाही. मी तिला गर्विष्ठ झालीस म्हणायचो. ती हसायची. ते हसणं मला फार आठवतं.

१४ मार्च, शनिवार

एक चमत्कारिक गोष्ट. पहिल्या सात वर्षांतली पुस्तकं दाबून बघितली, त्यांत तो आधीचा पडसाद नाही. एकाही वाक्याआधी नाही. शेवटच्या चार वर्षांत तो प्रत्येक वाक्याआधी आहे. तोच प्रकार, तोच दर, तेच यंत्र. मायक्रोफोन बदलला असेल असं आधी वाटलं. पण मायक्रोफोन तोच आहे, माझ्या हाताने जोडलेली तार अजून त्याला आहे.

मग मूळ फाईल लावली. न दाबलेली. तिच्यातही आहे.

दाबलेलंच नाही तर दाबण्यातला दोष कुठून येणार? आवाज पूर्ण वाढवून बसलो. आधी एक सुस्कारा येतो. स्स, फ्फ, मग थांबतो, आणि मग ही वाक्य बोलते. पुन्हा सुस्कारा, पुन्हा वाक्य. ही बोलण्याआधी तिथे दुसरं काहीतरी बोलून घेतं, असं वाटतं. मी यंत्रांतला माणूस आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण दुपारी एक वाजता उन्हात बसून माझ्या अंगावर काटा आला हे खरं आहे.

यंत्र बंद केलं तरी ती फुसफुस थांबली नाही. खोलीत चालूच होती. बाहेरच्या खोलीत आलो, तिथेही चालू. टीव्ही लावला तेव्हा गेली. शेजारचे वकील परवा म्हणालेच, तुमच्या बातम्या आम्हाला घरबसल्या फुकट मिळतात.

१७ मार्च, मंगळवार

डिस्कने आज पाच पुस्तकं दिली नाहीत. टकटक करत राहिली, शेवटी हात वर केले. जी गेली ती सगळी जुनी. त्यांच्या सीड्याही वाजत नाहीत. म्हणजे ती पुस्तकं वाचणारी ही आता कुठेही नाही. मी खुर्चीत बसून राहिलो. चहा केला आणि प्यायचा विसरलो.

उरलेलं भराभर उतरवून घेतलं. बत्तीसवर दाबलं की तो सुस्कारा पुसट होतो, पाण्याच्या खळखळीसारखा होतो, काय आहे ते कळत नाही. बत्तीसच ठेवावं आणि मूळ फाईली टाकून द्याव्यात असा विचार आहे. ऐकणाऱ्यांना भूत कशाला द्यायचं? मलाही नको आहे ते. मागच्या खोलीचं दार मी हल्ली उघडं ठेवून बसतो.

प्रत्येक फाईलच्या शेवटची शांतताही आपोआप कापायला लावली आहे. तेवढीच जागा वाचेल. काही फाईलींत दोन-दोन मिनिटं नुसती शांतता आहे.

२० मार्च, शुक्रवार



आज आवाज ऐकण्याऐवजी पडद्यावर त्याचा आलेख बघत बसलो. हिचं वाक्य म्हणजे मोठा उंचवटा, त्याच्याआधी तो बारीकसा उंचवटा. शेवटच्या पुस्तकात एका ठिकाणी ही म्हणते, “त्या वर्षी तो घरी परतला.” मग थांबते. मग म्हणते, “त्या वर्षी तो घरी परतलाच नाही.” वाचताना चूक झाली, सुधारून घेतली, इथवर ठीक. पण त्या दोन्हींच्या मध्ये जो बारीक उंचवटा होता तो नेहमीपेक्षा लांब आणि उंच होता. पडसाद कशाचा तरी असतो. हा कशाचाच नव्हता.

दुकानात असताना कर्कश आवाजातला दोष शोधायचा तर आम्ही टेप हळू चालवायचो. वेग कमी केला की सगळा आवाज खाली उतरतो, जाडा होतो, आणि वरच्या पट्टीत जे निसटतं ते हाती लागतं. तो तुकडा निम्म्या वेगाने लावला. काही कळलं नाही. आणखी हळू केला आणि हेडफोन कानावर दाबून धरले. आवाज ना बाईचा ना पुरुषाचा, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. पण शब्द होते.

“परतलाच नाही, आई. परतलाच नाही.”

कितीतरी वेळा लावलं. यंत्र कुणाला आई म्हणत नाही.

मग आधीची वाक्यं एकेक करून हळू लावली. जे पुढे ही बोलते, तेच शब्द. आधी कुजबुजलेले, मग हिने मोठ्याने म्हटलेले. पानामागून पान. लेक वाचत होती. ही वाचतच नव्हती.

लेकीला फोन केला. आज रविवार नसल्यामुळे ती घाबरली. मी इतकंच म्हटलं, मूळ फाईली पुसलेल्या नाहीत, ये.

२१ मार्च, शनिवार

सकाळच्या पहिल्या गाडीने आली. पिशवीही खाली ठेवली नव्हती तेव्हा मी तो तुकडा लावला. तिने डोळे मिटून ऐकला आणि म्हणाली, “हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल असं मला वाटलं होतं.”

मग तिने सगळं सांगितलं. हिची नजर मधोमध काळी होत गेली होती. कडेचं अंधुक दिसायचं, समोरचं अक्षर दिसायचं नाही, समोरचा माणूस दिसायचा नाही. माझ्या नकळत दोघी डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. फार उशीर झालाय, आता उपाय नाही, असं डॉक्टर म्हणाले. लेकीने नोकरी सोडली ती त्याच आठवड्यात. घरातलं सगळं हिने जागांवरून पाठ केलं आणि वाचन लेकीच्या कानातल्या कुजबुजीवर चालवलं. लेक मागे बसून वाक्य सांगायची, ही ते म्हणायची, आणि सीडी करताना लेक स्वतःला पुसून टाकायची.

मला का सांगितलं नाही, एवढंच मी विचारलं. लेक म्हणाली, “आई म्हणायची, ह्यांना कळलं तर हे मला खुर्चीत बसवतील आणि सगळं स्वतः करतील. चहासुद्धा करू देणार नाहीत. वाचन तर त्याच दिवशी बंद.”

आधी मला संताप आला. माझ्या घरात चार वर्षं नाटक चाललं आणि मी एकटाच प्रेक्षकांत, तेही तिकिटाशिवाय. उठून गच्चीवर गेलो. तिथे उभं राहिल्यावर ही म्हणायची तेच मी केलं असतं हे कळलं. नक्की केलं असतं. प्रेमानेच केलं असतं. खाली आलो तर लेक ओट्यापाशी उभी राहून भांडी घासत होती, आणि मी तिला बिनकामाची म्हणायचो ते आठवून मला तोंड दाखवायची लाज वाटली. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, “असू दे, बाबा. तुम्ही तसं म्हणालात की आईला हायसं वाटायचं, अजून काही कळलेलं नाही म्हणून.”

२४ मार्च, मंगळवार

लेकीने आठवड्याची रजा काढली आहे. ठरलं असं की वाचनालयाला हिचाच आवाज द्यायचा, फक्त हिचा. तिचं गुपित आपण फोडायचं नाही. लेक वाक्यांमधल्या जागा साफ करते, मी बत्तीसवर दाबतो आणि म्हाताऱ्यांत भरतो. वाक्याच्या आड जी कुजबुज दडली आहे ती दाबताना आपोआप जाते. मोठ्या आवाजाआडचा बारीक आवाज टाकून द्यायचा, हे तत्त्व मी या वहीत किती ऐटीत लिहिलं होतं. आज तेच करताना जिवावर येतं. लेकीची चार वर्षं मी दर तासाला चौदा-पंधरा एमबीच्या भावाने टाकतोय.

मूळ फाईली आता पुसणार नाही. दोन नव्या डिस्का आणल्या, एक तिच्याकडे राहील, एक माझ्याकडे. फाईली त्यांवर अजून उतरवून व्हायच्या आहेत. एका म्हाताऱ्याचा पंखा आज सुटला, तो रबर लावून बसवला.

२७ मार्च, शुक्रवार

चार म्हातारे तयार. पाचव्यात शेवटचं पुस्तक भरायचं राहिलं होतं. त्याच्या शेवटच्या फाईलला, वाचन संपल्यावर, दोन मिनिटं शांतता आहे. मी ती माझ्या प्रतीतून कापलेलीच होती, पण मूळ फाईल डिस्कवर शाबूत आहे. नव्या डिस्कवर घेण्याआधी लेकीने ती सहज लावून बघितली.

तिने हेडफोन लावले होते. मी शेजारी बसून तारा गुंडाळत होतो. तिचा हात माउसवरच थांबला. मग तिने हेडफोन काढले आणि स्पीकर लावला. मी ऐकलं. शांतता. पडद्यावरच्या आलेखात मात्र बारीक बारीक उंचवटे जात होते, आणि लेक माझ्याकडे बघत होती, मी काही म्हणतो का म्हणून.

“काय आहे?” मी विचारलं.

“काही नाही. बटण बंद करायचं राहून गेलं होतं.”

“म्हणजे काय बोललात?”

“आई म्हणाली होती, सांगू नकोस.”

यावर इतकी वर्षं मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. कळलं कळलं म्हणालो असतो. मान हलवली असती, ग्रंथपाल बाईंसमोर हलवतो तशी, दुकान बंद करायच्या आधी गिऱ्हाइकांसमोर हलवायचो तशी. स्पीकर भिकार आहे म्हणालो असतो. आज तसं करवलं नाही. ही बोलत होती आणि तिचा आवाज आलेखावर माझ्या डोळ्यांसमोरून जात होता.

“मला ऐकू येत नाही,” मी म्हटलं. “बरीच वर्षं झाली. काय म्हणतेय ही, ते सांग.”

लेकीने फाईल पुन्हा सुरुवातीपासून लावली. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. एकेक वाक्य ऐकायची, थांबवायची, आणि मला सांगायची. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती म्हणाली तसंच लिहून ठेवतो:

“हे आले का गं? नाही ना? मग ऐक. ह्यांना हल्ली कमी ऐकू येतं. सांगणार नाहीत. तू पण विचारू नकोस, वाईट वाटेल त्यांना. फक्त बोलताना मोठ्याने बोल, शब्द तोडून बोल. चिडतील, चिडू दे. मी तर त्यांच्या अगदी समोर बसून बोलते. मला ते दिसत नाहीत गं, पण त्यांना माझं तोंड दिसलं पाहिजे ना.”

त्यानंतर बटण बंद केल्याचा आवाज आहे. तोही लेकीनेच सांगितला.